भिंत कुणी पुसावी?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शहापूरकडील एका महाविद्यालयातील पाच विद्यार्थी एका संध्याकाळी आमच्या दारी आले. त्यांतील एक आमच्याच धर्मग्रामातला; उरलेल्यांत एक वारली, दोन ठाकूर आणि एक किन्हवलीकडची कुणबी मुलगी. त्यांना अर्ज लिहून हवा होता. महाविद्यालयाच्या आवाराची रस्त्याकडील लांबलचक भिंत विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी, तिच्यावर त्यांनी चित्रे काढावीत आणि वर्ष सरले की ती पुसून पुढच्या तुकडीने नवी काढावीत, अशी त्यांची मागणी होती. तोंडी विचारणा आधीच झाली होती. प्राचार्यांनी नकार दिला नव्हता, पण दोन प्रश्न विचारले होते. एवढा खर्च करून चित्र काढायचे तर ते पुसायचे कशाला? कायमचेच चांगले काढून घ्यावे. आणि कुणी भलतेसलते काही काढले तर जबाबदार कोण?

मुलांना वाटले, फादरांचे मराठी चांगले, ते दोन ओळींत उत्तर लिहून देतील. दोन ओळी काही साधल्या नाहीत. प्राचार्यांचे दोन्ही प्रश्न आम्हांला रास्त वाटले, आणि त्यांवर विचार करता करता भिंतीवरच्या चित्रांविषयी आमच्या मनात अनेक वर्षे साचलेले बरेच काही वर आले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या परिसरातील भिंती पाहू. शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला जाताना दुतर्फा भिंतींचे एक प्रदर्शनच मांडलेले असते. घराच्या पाठीमागच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात, तिच्याखाली मागच्या निवडणुकीतले अर्धवट पुसलेले चिन्ह. प्राथमिक शाळेची भिंत म्हणजे शिक्षणखात्याच्या भाषेत ‘बोलकी भिंत’: पाढे, बाराखडी, फळांची नावे. ह्या बोलक्या भिंतींविषयी आमची तक्रार नाही; पोर पावसाचे ओसरीत अडकले तर साताचा पाढा तरी वाचते. अंगणवाडी, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी अशा इतर सरकारी भिंतींवर मात्र हटकून एकच गोष्ट आढळते. तपकिरी रंगाचा पट्टा आणि त्यावर पांढऱ्या रंगात नाचणारी वारली माणसे.

ह्या चित्रांपाशी आम्ही वाचकांना थोडे थांबावयास सांगू. सावकाश पाहिले म्हणजे दिसते की सगळी माणसे एका उंचीची आहेत. तारपा वाजविणाऱ्याभोवतीचा फेर परकाराने काढल्यासारखा काटेकोर आहे. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन चालली आहे, आणि तशीच, त्याच पावलावर, पुढच्या गावच्या टाकीवरही चालली आहे. रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, कारण ती दुकानातल्या ब्रशाची आहे. रंग तेलाचा वा ॲक्रिलिकचा, ऊनपावसाला दाद न देणारा. चित्राखाली बहुधा स्वच्छतेची किंवा पाणी वाचविण्याची एखादी घोषणा असते. हे काम वाईट हाताने झालेले असते असे नव्हे. कित्येकदा हात चांगला सराईत असतो. परंतु जो रंगवितो त्याला ह्या भिंतीमागे कोण राहते हे ठाऊक नसते, आणि जो भिंतीमागे राहतो त्याला ‘चित्र कसले हवे’ असे कुणी विचारलेले नसते. मुरबाड तालुक्यात आदिवासींमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती मोठी. त्यांच्या पाड्यावरच्या टाकीवर वारल्यांचे लग्न का, हा प्रश्न कंत्राटाच्या कागदावर कोठेही उद्भवत नाही. आदिवासी म्हटला की वारली, आणि वारली म्हटला की त्रिकोणाची माणसे, असा हिशेब झाला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा वारल्यांचा मुख्य मुलूख पालघर जिल्ह्यात गेला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. नाचणारी माणसे मात्र दोन्हीकडच्या टाक्यांवर तशीच राहिली.

मूळ चित्र असे नव्हते. आम्ही ते पाहिले आहे, आणि त्या वेळी आमच्या हातून एक वेडेपणाही होणार होता. तो सांगण्यास आता हरकत नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वी, सेमिनरीतून बाहेर पडून आम्हांला फार दिवस झाले नव्हते तेव्हा, शहापूर तालुक्याच्या उत्तरेकडील एका पाड्यावर लग्नाचे आमंत्रण आले. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या थोरल्या मुलीचे लग्न. घर कुडाचे: कारवीच्या काठ्या उभ्या विणून त्यांवर माती आणि शेण लिंपलेले. लग्नाच्या आधी आतली भिंत नव्याने सारवली गेली, तिच्यावर गेरूचा हात फिरला, आणि मग दोन-तीन सवाष्णींनी तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून चौक लिहावयास घेतला. काडीचे टोक चावून मऊ केलेले. ह्या काडीने सलग लांब रेघ ओढताच येत नाही. पीठ संपते, पुन्हा बुडवावे लागते, रेघ पुन्हा जाड होते. म्हणून त्या चित्रातली प्रत्येक रेघ जाड-बारीक होत, श्वास घेतल्यासारखी चालते. चौकटीच्या चहूबाजूंनी साखळ्या आणि त्रिकोणांची दाटी, मधोमध हातपाय पसरलेली पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात घोड्यावर पंचशिऱ्या. भोवती झाडे, मुंग्या, माणसे, पोरे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. तरी वाकून काम करणारी म्हातारी आणि उनाड पोर ह्यांतला फरक लांबून कळत होता. चित्र चालू असताना पोरे मध्येच येऊन एखादी कोंबडी काढून जात, आणि कोणी त्यांना हाकलीत नसे. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच, चौकापाशी बसून गाणी म्हणत होती.

आमच्या धर्मशिक्षणाने ‘देवीचे चित्र’ ह्या गोष्टीपुढे थोडे संकोचून उभे राहावे असे शिकविले होते. परंतु तासाभरात संकोच गेला आणि लोभ आला. एवढे सुंदर काम चार दिवसांत धुराने काळवंडणार, पावसाळ्यात ओल धरणार! शहापूरच्या बाजारातून आम्ही वार्निशचा डबा आणला. ते वर फासले की चित्र दहा-वीस वर्षे टिकेल असा आमचा बेत. डबा पाहून घरातील वृद्ध बाईंनी चौकशी केली. आम्ही समजावून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग, आम्हांला वाईट वाटू नये अशा बेताने, त्यांनी विचारले की धाकटीचे लग्न पुढेमागे होईल तेव्हा तिचा चौक कोठे लिहायचा.

डबा परत गेला. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी धाकटीचे लग्न झाले. तीच भिंत, तोच गेरू, तीच पालघट. परंतु ह्या खेपेस डाव्या बाजूला एस.टी.ची गाडी होती, कारण नवरा मुलगा एस.टी.ने येणार होता. आणि थोरलीच्या चौकात नसलेले एक लहान मूल एका त्रिकोणी आईच्या कमरेवर होते, कारण थोरलीला आता मूल झाले होते. त्याच विषयावरचे ते दुसरे चित्र होते आणि दोन वर्षांत त्या घरात जे घडले ते सगळे त्यात आले होते. आमचे वार्निश तेथे असते तर त्या मुलाला भिंतीवर जागा मिळाली नसती.

वारली चित्र भिंतीवरून कागदावर कसे आले हा इतिहास पुष्कळांस माहीत असेल. १९७०च्या दशकाच्या आरंभी पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांत फिरले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांचा हात त्यांना सापडला. म्हशांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली त्यांचे काम पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागले, २०११ साली पद्मश्री आली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांनी लग्नाचा चौक सोडून माशांचे जाळे, मुंग्यांची वारुळे, गावाच्या गोष्टी काढल्या. त्यांचे ते जाळे, बारीक रेघांनी अख्खा कागद व्यापणारे, ज्याने पाहिले तो विसरणार नाही. कागदाने वारली चित्राला गोष्ट सांगण्याची मोकळीक दिली, पोट भरण्याचे साधन दिले, आणि २०१४ साली भौगोलिक मानांकनाचे कायदेशीर संरक्षणही मिळाले. म्हणून कागद आला हे वाईट झाले असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पण कागदाबरोबर दोन गोष्टी बदलल्या. जे बायकांचे काम होते ते मोठ्या प्रमाणात पुरुषांचे झाले. आणि चित्र पुसण्याचा प्रश्न नाहीसा झाला. टाकीवरचे तेलरंगी वारली चित्र हे त्या कागदी चित्राचे भिंतीवर परत आलेले रूप आहे, पण परत येताना ते भिंतीचा रिवाज विसरून आले.

आता मुंबईकडे वळू. आमच्या तालुक्याचे आणि मुंबईच्या भिंतींचे नाते आहे, आणि तेही पाण्याचे. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२ पासून तिकडे जाते. माहीमकडून दादरकडे रेल्वेमार्गाला लागून जो रस्ता जातो त्याचे अधिकृत नाव सेनापती बापट मार्ग, पण लोक त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ तेथून गेला. ह्या रस्त्याच्या कडेच्या रेल्वेच्या भिंतीवर ऑगस्ट २००९ मध्ये शेकडो माणसांनी रंग लावला. ‘वॉल प्रोजेक्ट’ ह्या नावाने काही तरुणांनी वांद्र्यात २००७ पासून असे काम आरंभले होते. महानगरपालिकेने परवानगी दिली आणि नोकरदार, विद्यार्थी, कुटुंबेच्या कुटुंबे रंगांचे डबे घेऊन आली. अट अशी की राजकारण नको, धर्म नको, जाहिरात नको.

आम्ही ती भिंत पुढे अनेकदा, दादरहून माहीमपर्यंत चालत पाहिली. खरे सांगावयाचे तर तिच्यातील निम्मी चित्रे कच्ची होती. झाडे वाचवा, पृथ्वी वाचवा, मोठे डोळे, फुलपाखरे, हसरा सूर्य. राजकारण आणि धर्म वगळले की शहरातल्या माणसाला सांगावयास किती थोडे उरते, ह्याचे ते एक प्रात्यक्षिकच होते. पण मधूनच एखादे चित्र पाय धरून ठेवी. लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे कोणी काढली होती, आणि भिंतीपलीकडे खरी लोकल धडधडत जाई. भिंतीच्या पायथ्याशी पदपथावर संसार मांडलेल्यांचे कपडे चित्रांवरच वाळत घातलेले असत. ते कपडे पाहून मनात येई की ह्या भिंतीशेजारी रोज राहणाऱ्या माणसांच्या हाती त्या दिवशी ब्रश कितींच्या आला असेल. पुढे ती चित्रे विटली, पानाच्या पिचकाऱ्यांखाली गेली, कोठे नवी आली, कोठे नुसता रंग फासला गेला. ती पुसली जाणारी भिंत होती, परंतु तिच्या पुसण्याला तिथी नव्हती. ज्याने काढले त्याला ते कधी गेले हे कळलेही नसेल.

वांद्र्याच्या चॅपल रोडवर आणि रणवार गावठाणात भिंतीचे आणखी एक रूप दिसते. तेथे आपल्या लोकांची जुनी बैठी घरे, लाकडी जिने, आणि वांद्रेभर १८९६ च्या प्लेगनंतर लोकांनी उभारलेले क्रूस. ह्या घरांच्या भिंतींवर देशोदेशींच्या चित्रकारांनी चित्रे काढली. रणजित दहिया यांनी २०१२ पासून हिंदी चित्रपटांतील तारेतारका रंगविल्या. त्यांनी २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनजवळच्या दूरध्वनी कार्यालयाच्या इमारतीवर काढलेले दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र तर दूरवरून दिसत असे. दहियांचा हात आम्हांला आवडतो. जुन्या चित्रपटांची हाताने रंगविलेली जाहिरात ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यातली रंगांची जिद्द ओळखता येईल. परंतु चॅपल रोडवर फिरताना एक विचित्र गोष्ट जाणवली. लोक चित्रासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेतात. घराकडे, दारातल्या आजीकडे कोणी पाहत नाही. आणि इकडे घरे एकेक करून पाडली जाऊन इमारती होत आहेत. तेथे चित्र पुसण्याची वेळच येत नाही, भिंतच जाते. चित्रांनी गावठाण वाचेल अशी काहींची आशा होती. चित्रांना एवढे ओझे देणे आम्हांला बरे वाटत नाही.

विद्यापीठांच्या भिंती हा आमच्या विद्यार्थ्यांच्या अर्जाशी अधिक जवळचा विषय. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघटना हातांनी रंगविलेली प्रचंड भित्तिपत्रके वर्षानुवर्षे इमारतींच्या भिंतींवर लावीत. नवे सत्र, नवे विषय, नवी पत्रके. जुलै २०१९ मध्ये प्रशासनाने ती काढून टाकली आणि आधार दाखविला तो दिल्लीच्या २००७ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्याचा. महाराष्ट्रातही असा कायदा १९९५ पासून आहे. त्या भित्तिपत्रकांतील मते आम्हांला सगळी पटली असती असे नाही. त्यांच्या आवेशात पुष्कळ वेळा चित्र हरवून घोषणाच उरे. तरी पुसण्याच्या ह्या पद्धतीकडे समीक्षकाने पाहावे. त्या भिंतीवरची पत्रके पूर्वीही दरवर्षी जात होती. तेव्हा ती पुढच्या पत्रकाला जागा देण्यासाठी जात. २०१९ मध्ये ती गेली ती भिंत कोरी राहावी म्हणून.

दुसरे उदाहरण शांतिनिकेतनचे, आणि ते आम्हांला फार मोलाचे वाटते. आपल्या वाचकांना शांतिनिकेतन परके नाही: कोल्हापूरचे ख्रिस्ती चित्रकार विनायक मासोजी तेथील कलाभवनात शिकले आणि तेथेच शिकवू लागले, गोव्याचे आंजेलो द फोन्सेका तेथे शिकून पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि पवित्र मरियेला साडी नेसवून स्वकीयांचा रोष पत्करते झाले. त्या विद्यापीठात भिंत ही चित्रकलेची वही होती. नंदलाल बसूंनी चीना भवनाच्या भिंतीवर १९४२ साली ‘नटीर पूजा’ रंगविले. दृष्टी अधू असलेल्या बिनोद बिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचा तो थोर पट काढला, आणि त्या कामी हाताखाली असलेल्या विद्यार्थ्यांत के. जी. सुब्रमण्यन् होते. ह्याच सुब्रमण्यनांनी उतारवयात कलाभवनाच्या एका दुमजली इमारतीच्या बाहेरील भिंती काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरून टाकल्या: पशू, पक्षी, माणसे, देव, सगळे एकमेकांत गुंतलेले. हे काम १९९० आणि १९९३ मधले. बंगालच्या पावसाने ते विटले. २००९ साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा त्या भिंतीपुढे उभे राहिले. जुन्या रेघा गिरवून देणे सोपे होते; शिष्यांनीही ते केले असते. त्यांनी चित्र नव्याने रचले. आपली नामांकित कलाकृती आपल्या हाताने झाकून तिच्या जागी दुसरी काढणाऱ्या त्या वृद्ध शिक्षकाचा विचार करताना आम्हांला शहापूरच्या पाड्यावरील वृद्ध बाई आठवते. दोघांची भेट झाली असती तर वार्निशच्या डब्यावर त्यांचे लगेच एकमत झाले असते.

प्राचार्यांच्या पहिल्या प्रश्नाला, म्हणजे ‘पुसायचे कशाला’ ह्याला, आमच्याकडे आणखी एक उत्तर होते आणि ते घरचे होते. सिस्टीन चॅपेलच्या वेदीमागची भिंत, जिच्यावर मायकेलँजेलोचा ‘अंतिम न्याय’ आहे, ती कोरी नव्हती. तिच्यावर पेरुजिनोने पंधराव्या शतकात काढलेली भित्तिचित्रे होती: मरियेचे स्वर्गोन्नयन, मोशेचे सापडणे, ख्रिस्तजन्म. ती काढून टाकली गेली. इतकेच नव्हे, तर छताच्या कामाच्या वेळी मायकेलँजेलोने स्वतःच रंगविलेल्या दोन कमानीही त्याच भिंतीवर होत्या, त्याही गेल्या. १५३६ ते १५४१ ह्या काळात नवे चित्र झाले. पेरुजिनोचे चित्र गेले ह्याची हळहळ आम्हांला वाटतेच. तो लहान चित्रकार नव्हता. पण जागा एक आणि सांगावयाचे दोघांना, असा प्रसंग जगातल्या सर्वांत नामवंत भिंतीवरही आला होता. आणि पुढे, ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली चित्रांविषयी निर्णय केल्यावर, १५६५ साली दानिएले दा व्होल्तेर्राकडून त्या चित्रातील उघड्या देहांवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली. मायकेलँजेलोला आदल्या वर्षी मरण आले होते. पेरुजिनोवर मायकेलँजेलो हा एक प्रकार, आणि मायकेलँजेलोवर कापडाचे तुकडे हा दुसरा प्रकार. पहिल्यात एक चित्र दुसऱ्या चित्राला जागा देते. दुसऱ्यात चित्र तसेच ठेवून त्याचे तोंड तेवढे दाबले जाते. आमच्या स्वतःच्या परंपरेने दोन्ही केलेले आहे, म्हणून प्राचार्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, ‘भलतेसलते काढले तर जबाबदार कोण’ ह्याकडे, आम्ही तुच्छतेने पाहू शकत नाही.

ह्या दुसऱ्या प्रश्नावर आम्ही आणि विद्यार्थी दोन संध्याकाळ भांडलो. तुळशी पाइप रोडची अट घालावी, राजकारण नको, धर्म नको, असा आमचा पहिला विचार होता. कुणबी मुलीने विचारले की फादर, समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली त्यांचे चित्र राजकारणात धरायचे काय? वारली मुलगा म्हणाला की त्याच्या घरचा चौक काढला तर तो धर्म होईल, म्हणजे त्याने पुन्हा टाकीवरची माणसेच काढावीत काय? आम्हांला उत्तर सुचले नाही. अट आम्ही खोडली. त्याऐवजी असे ठरले की प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्या गटाने उभे राहून, वर्ग सुटल्यावर, सर्वांसमक्ष त्याविषयी बोलावे. कोणाला आक्षेप असेल तर त्याने तेथेच घ्यावा. आणि प्राचार्यांना एखादे चित्र काढून टाकावेसे वाटले तर ते सुटीच्या दिवशी शिपायाकडून रंग मारवून काढू नये, गटाला बोलावून सांगून काढावे. प्राचार्यांचा अधिकार आम्ही नाकारला नाही. तो त्यांनी दिवसाउजेडी वापरावा एवढीच विनंती केली.

साहित्याविषयी आमचा आग्रह होता आणि तो मुलांनी प्रथम हसण्यावारी नेला. ॲक्रिलिक आणि तेलरंग नकोत. चुना, गेरू, नीळ, काजळी आणि डिंक ह्यांवर भागवावे. त्यात काटकसर आहेच, पण आमचा हेतू निराळा. शहापूरचा पाऊस कोणत्या ताकदीचा असतो हे इकडे सर्वांना ठाऊक आहे. बाहेरच्या भिंतीवरचा गेरू जूनमध्ये आपण होऊन उतरू लागतो, आणि मग पुसणे ही शिक्षा राहत नाही, ऋतू होतो. ठाकूर मुलांपैकी एकाने तेव्हा शंका काढली की सिमेंटच्या गिलाव्यावर शेणमातीचा हात धरत नाही, पापुद्रे निघतात. घरकुलांच्या पक्क्या भिंतींवर त्याने हे पाहिले होते. त्याचे म्हणणे खरे आहे. कूड गेला आणि विटा आल्या, ह्यात पावसात न गळणारे घर मिळाले, त्याचे दुःख करणे आम्हांला शोभणार नाही. पण भिंतीचा पोत बदलला की चित्राचे तंत्र बदलावे लागते. शेवटी चुन्याचे दोन हात खाली देऊन वर गेरू लावून पाहावे असे ठरले. वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर हातभर जागेत तो प्रयोग केला आहे. पहिल्या वळवाच्या सरीत अर्धा उतरला, अर्धा राहिला.

अर्ज आता तयार आहे. शेवटचे कलम विद्यार्थ्यांनी स्वतः घातले: चित्र ज्यांनी काढले त्यांनीच ते मे महिन्यात निकालाआधी चुन्याने झाकावे आणि ओल्या भिंतीपाशी पुढच्या तुकडीला बोलवावे. कुणबी मुलीला मात्र झाकण्याआधी छायाचित्र काढून ठेवण्याची मुभा हवी होती. वारली मुलगा नको म्हणत होता. आमच्याकडे निवाड्यासाठी आले तेव्हा आम्ही वार्निशच्या डब्याची गोष्ट सांगितली, आणि त्या दोघांनी तिचे दोन वेगवेगळे अर्थ काढले. ते कलम सध्या कोरे ठेवले आहे. भिंत दीडशे फूट लांब आणि सहा फूट उंच. दोन हातांना चुना किती लागेल ह्याचा हिशेब गवंडी उद्या सांगणार आहे.